आत येऊ द्यायचं का?

अण्णासोंच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं, म्हणजे पूजा संपेपर्यंत आता ते बोलणार नव्हते. वडिलांपासून चालत आलेला नेम. लक्ष्मीपुरीतल्या पेंडीच्या दुकानाला आग लागल्याचा निरोप आला, त्या दिवशीही त्यांनी बेल वाहून झाल्यावरच "किती जळालं?" असं विचारलं होतं.

देवघरातून समोरचा सोपा सरळ दिसायचा. सोप्यात दाराशेजारी कॉम्प्युटर, त्याच्या डब्यावर दसऱ्याला ओढलेले विभूतीचे तीन पट्टे, आणि पुढ्यात खुर्चीवर त्यांचा मुलगा सोमेश. सुट्टीला पुण्याहून आला होता आणि सकाळपासून मशीन का रडतंय ते शोधत होता. एक खिडकी बंद करावी तर तीन उघडत होत्या. एकीत जुगार, दुसरीत केस उगवायचं औषध, तिसरी त्यानं घाईनं बंद केली.

"मी कुणाला आत घेतलेलं न्हाय," पूजेला बसण्याआधी अण्णासोंनी बजावलं होतं. "तू सांगितलंस तसंच. चौकट आली की ब्लॉक. एकेकाला हाकलून लावलाय."

दिवाळीत सोमेशनंच फायरवॉल बसवून दिली होती. इंटरनेटवरून कोणी आत घुसू बघितलं की पडद्यावर चौकट यायची आणि इंग्रजीत विचारायची, अमुक अमुक आलंय, आत येऊ द्यायचं का? खाली दोन बटणं, अलाव आणि ब्लॉक. त्याखाली बारीक चौकोन : हे उत्तर कायम लक्षात ठेवा. अण्णासोंना ते फार आवडलं होतं. त्यांना विचारल्याशिवाय काही न करणारं निदान एक तरी कोणी घरात आलं होतं.

टुंग झालं. चौकट आली.

सोमेश वाचायच्या आत स्वयंपाकघरातून चन्नम्मा आल्या. भाकरीच्या पिठाचे हात पदराला पुसले न पुसले तोच लेकाच्या खांद्यावरून वाकून त्यांनी माऊस धरला आणि डावीकडचं बटण दाबलं. शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करावा तितक्या सरावानं.

अलाव.

"अव्वा! काय केलंस?"

"आत घेतलं."

"कुणाला?"

"मला काय ठावं? इंग्रजीत हाय न्हवं ते."

देवघरातून "हूं! हूं!" असा आवाज आला. अण्णासोंची मान जोरजोरानं नाही म्हणत होती. चन्नम्मांनी तिकडं पाठ केली.

"रोज करतीस हे?"

"हे लिंगावर नजर लावून पूजेला बसले की तेवढंच. एरवी खुर्चीवर बसू देत्यात व्हय मला?"

"अगं, चोर असत्यात ते! न बघता कुणालाबी घरात घेतीस?"

"बघून तरी काय उजेड पडला? तुझ्या अप्पांनी चांगलं बघून, वळखून माघारी धाडली की विद्याला."

विद्याश्री सोमेशची थोरली बहीण. बेंगळुरात तिनं जातीबाहेर लग्न केलं, नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली, आणि याच दारातून, बाहेर थांबलेल्या त्याच रिक्षानं परत गेली.

"तिचा फोन आला की हे ठेवून देत्यात. पायरी उतरताना म्हणालती, अव्वा, घरी कॉम्प्युटर आलाय न्हवं, तेच्यातनं येते मी." चन्नम्मांनी पडद्याकडं हनुवटी केली. "आता हेच्यातलं कुठलं तिचं, मला कसं कळावं? म्हणून सगळ्यास्नीच घेते आत."

ती यातून अशी येत नाही, हे सोमेशला माहीत होतं. कशातून येते, हेही माहीत होतं. पुण्याच्या ऑफिसातून दर गुरुवारी तो तिच्याशी चॅट करायचा. तिला दिवस गेले होते. घरात शांतता राहावी म्हणून त्यानं हे घरात सांगितलं नव्हतं. आता सांगता आलं असतं. आईला इथंच बसवून, इथूनच तिच्याशी जोडूनही देता आलं असतं. पण अप्पांचं फक्त तोंड बंद होतं. कान उघडेच होते.

आत घेतलेलं पाहुणं तेवढ्यात पडद्यावर उघडलं. लाल-पिवळे दिवे उघडमीट करत होते आणि मधोमध ठळक इंग्रजीत लिहिलं होतं, अभिनंदन! आपण आमचे दहा लाखावे पाहुणे आहात.

चन्नम्मांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, दारात कोणी आल्यावर करतात तसा.

"विद्याच काय रे? काय म्हणतीय?"

सोमेशनं पडद्याकडं बघितलं, मग आईकडं.

"बरी हाय म्हणतीय."

गुरुवारपर्यंत तरी हे खरं होतं.

"आणि?"

"आणि काय... येईन म्हणतीय."

चन्नम्मा पुढं वाकल्या. लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून त्यांनी बोटं फिरवली. काचेला पीठ लागलं.

टुंग झालं. नवी चौकट आली. या वेळीही चन्नम्मांचा हात माऊसकडं गेला, पण आतून आवाज आला.

"ब्लॉक कर."

दोघांनी वळून बघितलं. अण्णासोंच्या तळहातावर लिंग तसंच होतं. बेल वाहायचा अजून बाकी होता.

सोमेशनं ब्लॉक केलं. खालच्या 'कायम लक्षात ठेवा'च्या बारीक चौकोनात टिकही केली. सवयीनं.