टॅग : मयत

आवडाबाई दारात बसून सुकट निवडत होती. तिला पाहून कृतिकाला हुंदका फुटला. हीच आत्या मेली, अशी नोंद तिने आज सकाळी स्वतःच्या हाताने केली होती.

कोपरीतल्या जुन्या घरांची जमीन पुनर्विकासासाठी एकत्र केली होती. प्रत्येकाचा हिस्सा म्हणजे ब्लॉकचेनवरचं एक टोकन, आणि ते टोकन कुणाचं हे सांगणारा त्यावरचा टॅग : मूळ मालक, वारस, मयत. हे टॅग लावायची नोकरी कृतिकाची. सकाळी आत्याच्या पुतण्याचा, मितेशचा फोन आला. "काकी गेली गं. तुझ्या ऑफिसात पण कळव." कृतिका ढसाढसा रडली. रडत रडतच तिने 'मयत' लावलं. त्याला वारसाची संमती लागते, ती मितेशने मोबाइलवरून लगेच दिली. मग रिक्षा पकडून ती इथे आली.

हुंदका ऐकून आत्याने मान वर केली. "कोन गो? कृतिका काय? रडतेस कशाला, बाय?"

आतून मितेश हसत आला. "अगं सॉरी! तुला परत फोन करणारच होतो. सकाळी छपरावर कावळ्यांचा संग दिसला. आपली रीत माहितेय ना?"

रीत तिला माहीत होती. कावळ्यांची जोडी संग करताना ज्याच्या नजरेला पडते, त्याच्यावर मरण येतं म्हणतात. मग त्याच्याच मरणाची खोटी बातमी धाडायची. नातलग खरे रडले की मरण फसतं आणि परत जातं. कृतिकाचे आजोबा असे दोनदा वारले होते आणि दोन्ही वेळा रात्री जेवायला हजर होते.

"पण मी टॅग लावला रे!"

"घ्या! कावळा बसायला नि फांदी तुटायला. पुसून टाक."

पुसता येत नव्हतं, तीच तर त्या यंत्रणेची बढाई होती. कृतिकाने साहेबांना फोन लावला. साहेब आधी तिच्यावर ओरडले, मग म्हणाले, "उद्या संध्याकाळी टोकन आपोआप वारसाच्या नावे जाईल. त्याच्या आत बाईंना जिवंत माझ्यासमोर उभं कर. त्यांचा अंगठा घेऊन वर 'हयात' लावू. नंतर मात्र काही होणार नाही."

मिठागरात पाय भाजून घेत आत्याने ही जागा राखली होती. पोटी मूल नाही, नवरा लवकर गेलेला. दीर हात धुऊन मागे लागले, तरी तिने ती सोडली नव्हती. आणि भाचीने ती एका बोटाने घालवली असती.

"उद्या सकाळी आत्याला मी घेऊन जाते," ती म्हणाली.

मितेशने काकीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "ने की. आधी चहा घे. काकीचा वेगळा करतो, बिनसाखरेचा."

तो आत गेला. कृतिका आत्याला बिलगून बसली. भीती अजून उतरत नव्हती. उद्या सगळं निस्तरणार होतं, तरी कुठेतरी सलत होतं. चहा आला. मितेशने काकीच्या हातात कप नीट धरवला आणि तो दाराला टेकून उभा राहिला.

"तू पण ना आत्या," कृतिका डोळे पुसत म्हणाली, "कशाला गेलीस त्या छपराकडे बघायला?"

"मी?" आत्याला हसू फुटलं. "मना समोरची सुकट दिसत नाय, हातानं चाचपून निवडतंय. कावळे मितेशनं बघितले."

तिने कप ओठाशी नेला. कृतिकाने तो हिसकावून घेतला.