जुना कर्नल

श्वेताचं मशीन नव्या कर्नलवर उठलं आणि शहापूरच्या त्या कॉम्प्युटर क्लासात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रत्नदीपनंही वाजवल्या. पोटात मात्र असं दुखलं की त्याला ओवा पुरला नसता.

कर्नल म्हणजे लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा. नवा कर्नल आपल्या हातानं बांधून मशीनवर चढवायचा, असं काम जयराम सरांनी दोघांना दिलं होतं. जो नीट करील तो खर्डीच्या नव्या क्लासात मास्तर. रत्नदीपनं तर गावात सांगूनही टाकलं होतं. पण बांधणी तासन्‌तास चालायची आणि मधेच वीज जायची. वीज आली की श्वेता राहिलं तिथून पुढे जायची. हा पठ्ठ्या अर्धवट राहिलेलं अपशकुनी मानून सगळं पुसायचा आणि पहिल्यापासून मांडायचा. एवढं करून त्याचा कर्नल काही उठत नव्हता. सर तिलाच जास्त शिकवतात, असं त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं.

श्वेतानं जुना कर्नल अजून काढला नव्हता. भाताचं नवं बियाणं रुजेपर्यंत घरातलं जुनं कोणी कांडत नाही, तसंच हे. नवा फसला तर जुन्यावर मशीन उठवता येतं. तिला अजून मोडेम जोडायचा होता, म्हणजे पुन्हा बांधणी, म्हणजे पुन्हा फसायची शक्यता. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर पडले तसा रत्नदीप तिच्या मशीनवर बसला. पासवर्ड क्लासभर एकच होता. त्यानं जुना कर्नल पुसून टाकला, मग आपल्या जागी येऊन डबा उघडला. त्या दिवशी भाकरी गोड लागली.

श्वेता परतली ती थेट त्याच्यापाशी आली.

"तुझं मशीन लई स्लो आहे रे. माझ्या मशीनवर बस. मोडेमचं मी नंतर बघीन, सरांना सांगितलंय."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नको म्हणावं तर कारण काय सांगणार? तो बसला. नेमकी त्या दिवशी वीजही गेली नाही. संध्याकाळपर्यंत बांधणी झाली आणि त्याचा कर्नल तिचा नवा पुसून त्याच जागी जाऊन बसला. सर मागे येऊन उभे राहिले, रीस्टार्ट कर म्हणाले. रत्नदीपनं बटण दाबलं.

पडद्यावर दोन ओळी आल्या आणि मशीन थिजलं. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

श्वेता तेवढी निवांत होती.

"काय होत नाय, सर. जुना आहे ना. डिस्क भरली म्हणून तुमी सकाळी काढायला सांगितला होता, पण हा सारखा फसतो, म्हणून मी याच्यासाठीच ठेवलाय."