ब्रेक लागायला हवेत

"टॉर्च जरा खाली धर," व्हर्लिन म्हणाला. "मला वायर दिसायला हवी, माझं नाक नको."

आर्डिसने टॉर्च खाली केला, पण तिची नजर रस्त्यावरच होती. पिकअपचं दार सताड उघडं होतं. व्हर्लिन सीटवर उताणा पडून डॅशबोर्डखाली डोकं खुपसून होता, पाय बाहेर लोंबत होते. सूर्यफूल कापून झालेल्या शेतांवरून वारा येत होता आणि त्याला बर्फाचा वास होता.

"ड्वेन कधी येणार?"

"दाताच्या डॉक्टरकडे गेलाय, मायनॉटला. माझी गाडी घेऊन. दुपारपर्यंत येईल." आर्डिस म्हणाली. "तो यायच्या आत झालं पाहिजे, व्हर्लिन."

सकाळी ती ट्रेलरच्या ब्रेकसाठी लागणाऱ्या कंट्रोलरचा खोका काखेत मारून शेजारी त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हाच ती घर सोडणार हे त्याने ताडलं होतं. कोठारामागचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घरच, ड्वेनने निवृत्त झाल्यावर हौसेने आणला आणि तिथेच ठेवला. त्याला कुठे न्यायचा म्हटलं तर ट्रेलरच्या ब्रेकची वायरिंग पिकअपमध्ये हवी. ती करायची राहिली ती राहिलीच. ड्वेन खुर्चीत बसला आणि उठायचं विसरला. उठायचा तो ओरडायला. गेल्या हिवाळ्यात व्हर्लिनने आर्डिसला अंगणात, बंद गाडीत बसलेलं पाहिलं होतं. नुसती बसलेली. काचांवर बर्फ साचत चाललं होतं. तो आपल्या खिडकीतून बघत राहिला आणि शेवटी पडदा ओढून घेतला.

आज पडदा ओढायचा नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. पण ते सोपं नव्हतं. ड्वेन त्याचा शाळेपासूनचा मित्र. बायको गेली तेव्हा ड्वेननेच त्याची गुरं सांभाळली होती, न बोलवता. आणि आता तो त्याच ड्वेनच्या पिकअपमध्ये शिरून त्याच्या बायकोला पळायला मदत करत होता.

"त्याला सांगितलंस?"

"सांगणार आहे. ट्रेलर जोडून झाला की."

"आणि त्याने हात उचलला तर?"

"हात नाही उचलत तो," आर्डिस म्हणाली. "तेवढं एक नाही करत."

काळी वायर बॅटरीला लागली, पांढरी पत्र्याला. लाल वायर ब्रेकच्या पेडलवरच्या स्विचमध्ये जोडताना व्हर्लिनचा हात दोनदा चुकला. निळी वायर मागच्या बंपरपर्यंत न्यायची होती. तो गाडीखाली सरपटत ती बांधत निघाला आणि आर्डिस बाजूबाजूने चालत राहिली, वाकून बघत.

"ती सैल वाटतेय."

"सैल नाहीये."

"परत बांध. इथे सपाटी आहे, काही होणार नाही. पण पुढे डोंगर लागतील. उतारावर ट्रेलरने मागून रेटलं तर? कुणाच्या जिवावर बेतायला नको."

"कुठपर्यंत जायचंय?"

"ॲरिझोना."

व्हर्लिनने वायर परत बांधली. ॲरिझोना म्हणजे जिथून परत यावं अशी जागा नव्हे. रविवारी चर्चमध्ये आर्डिसच्या जागी ऑर्गन वाजवायला दुसरं कुणीतरी बसेल, हा विचार त्याला गाडीखालीच गाठून गेला.

"एवढा ट्रेलर वळवता येईल ना?" त्याने विचारलं.

"ट्रेलर मागे कसा घ्यायचा ते मला ड्वेननेच शिकवलंय. लग्न झालं त्या वर्षी. काय हसला होता मला!" तिने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. "चांगला होता रे तो."

"माहीत आहे मला."

त्याला बरंच काही बोलायचं होतं. तो म्हणाला, "ट्रेलरच्या टायरात हवा बघितलीस?"

"बघितली."

त्यांनी ट्रेलर जोडला. आत गाद्या, खोकी, कॉफीची किटली, सगळं नीट लावून ठेवलेलं त्याला दारातून दिसलं. आर्डिस स्टिअरिंगवर बसली. व्हर्लिन ट्रेलरच्या चाकाला कान लावून बसला. तिने कंट्रोलरचा खटका दाबताच चाकाच्या आतून बारीक गुणगुण ऐकू आली. मग तिने गाडी खडीच्या रस्त्यावर घेतली, नुसत्या खटक्यावर ट्रेलरला ब्रेक लावला, आणि अख्खं धूड जागच्या जागी थांबलं.

"लागला!" व्हर्लिन ओरडला. आनंद झाला आणि लगेच विरून गेला.

लांब, रस्त्याच्या टोकाला, धुळीचा लोट उठला होता.

"आला तो," व्हर्लिन धावत खिडकीशी आला. "जा, आर्डिस. मागच्या रस्त्याने नीघ. मी थोपवतो त्याला."

तिने गाडी बंद केली आणि खाली उतरली.

"वेडी आहेस का? आत बस!"

ती हलली नाही. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, तेही तिने सारले नाहीत. गाडी येऊन थांबली. ड्वेन उतरला. जोडलेल्या ट्रेलरकडे, मग आर्डिसकडे, मग ग्रीसने माखलेल्या व्हर्लिनकडे त्याने पाहिलं.

"हे काय चाललंय?"

व्हर्लिन दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. आयुष्यभराची मैत्री इथे, या खडीवर संपणार, हे त्याला दिसत होतं.

"ड्वेन," तो म्हणाला, "जाऊ दे तिला."

"कुठे?" ड्वेनने विचारलं. दाताच्या डॉक्टरच्या सुईने त्याचा अर्धा ओठ बधिर झाला होता आणि शब्द वेडावाकडा आला.

आर्डिसने व्हर्लिनला कोपराला धरून हळूच बाजूला केलं. पिकअपची किल्ली तिने ड्वेनच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली.

"ब्रेक छान लागतात," ती म्हणाली. "पण डोंगरात हळू चालव. तुझे कपडे मी आत लावून ठेवलेत, आणि घराचं कुलूप सकाळीच बदललंय."