बाहेरून कडी

झोपेची गोळी घेतली की बाळाला उचलायचं नाही, हे डॉक्टरांनी नवऱ्यासमोरच बजावलं होतं. म्हणून गोळीच्या रात्री बाळ त्याच्याकडे, आणि मी झोपेत चालू नये म्हणून माझ्या खोलीला बाहेरून कडी.

सकाळी कडी काढून तो जांभई देत म्हणाला, "बाळ रडलं तेव्हा तू आलीस ते बरं झालं. मला तर डोळेच उघडेनात."

माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? गोळी घेतलेल्या बाईच्या हातात पोर दिलंस? आणि कडी कोणी काढली?"

"कडी तर आत्ता मीच..." त्याने वळून कडीकडे पाहिलं.

मला अजून बरंच सुनावायचं होतं. पण त्याच्या पाठीमागे, बाळाच्या खोलीत, माझ्याच आवाजात कोणीतरी अंगाई म्हणू लागलं.