नवव्या दिवसाचे खांब

खांबाच्या बुडाशी पुन्हा पीठ पडलं होतं. पिवळसर, बारीक, चिमूटभर.

"सकाळीच झाडलं होतं गं," मुलगी म्हणाली. "नवीन बांबू असाच भुगा टाकतो का?"

आई खांबाजवळ वाकली. कार्यशाळेत तिला सगळे औषधबाई म्हणत. गरिबांना परवडतील अशी बांबूची घरं तिथे बांधली जात, आणि त्यातला प्रत्येक बांबू आधी तिच्या टाकीत पडे. चौदा दिवस किडीच्या औषधात भिजला की ती त्याच्यावर हिरवा पट्टा ओढे. हिरवा पट्टा दिसला की पुढे कुणी काही विचारत नसे.

तिनं खांबाला कान लावला. आत कुरकुर चालली होती, अगदी हलकी.

"बाळ कुठंय?"

"तुझ्या मागे तर झोपलंय. असं काय करतेस?"

औषधबाईनं पिशवीतून चाकू आणि दोन बाटल्या काढल्या. खांबाची साल खरवडली, त्यावर हळदीच्या अर्काचा थेंब टाकला, मग दुसऱ्या बाटलीतल्या आम्लाचा. औषध मुरलं असेल तर डाग लाल होतो. हजारदा केलेलं काम. लाल हो, लाल हो रे बाबा, असं ती मनातल्या मनात म्हणत राहिली.

डाग पिवळाच राहिला.

तिनं दुसरा खांब खरवडला, मग तिसरा. चौथ्याला तिनं हातच लावला नाही. ती तिथेच भिंतीला टेकून बसली.

"आई, मला घाबरवू नकोस. सांग काय ते."

"नवव्या दिवशी काढले मी हे." ती चाकू पुसत म्हणाली. "तुला नववा महिना लागला होता. जुन्या खोलीच्या मालकानं सामान उचला म्हणून तगादा लावलेला. म्हटलं, पाच दिवसांनी काय होतंय."

मुलीनं वर छपराकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि त्याला अंथरुणासकट दाराजवळ ओढलं. बाळ जरा चुळबुळलं आणि पुन्हा झोपलं.

"पडेल?"

"आज नाही पडणार. किडा आतून खातो, वरून साल तुकतुकीतच राहते. जोराचा वारा सुटला की मग..."

त्या टाकीत साठ बांबू होते. या घराला बारा लागले. बाराच रंगवले असते तर कुणीतरी विचारलं असतं, म्हणून तिनं साठांवर पट्टा ओढला होता. उरलेले परत भिजत घालायचे असं तिनं ठरवलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर कार्यशाळेच्या अंगणात एकही बांबू नव्हता. ते कुठे गेले हे विचारायचं धाडस तिला आजवर झालं नव्हतं.

"ताईंना सांगते," ती उठत म्हणाली. कार्यशाळा ताईंनीच उभी केलेली. "या घराचे खांब बदलायला हवेत म्हणते."

"काढून टाकतील तुला."

"टाकू देत. तू बाळाला घेऊन माझ्याकडे चल, आत्ताच."

ती बाटल्या पिशवीत भरत होती तेवढ्यात शेजारचा शिंपी दारात आला. गळ्यात टेप, चेहऱ्यावर हसू. त्यानं सगळा भार टाकून चौकटीजवळच्या खांबाला पाठ टेकली. मायलेकी दोघी श्वास रोखून त्या खांबाकडे बघत राहिल्या.

"औषधबाई, बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "आभार मानायचे राहिले होते. घर मिळणार म्हटल्यावर मी ताईंना एकच सांगितलं. बाकी कसंही बांधा, पण औषधबाईंच्या मुलीला ज्या टाकीतले खांब दिलेत, त्याच टाकीतले मला द्या. आई काय पोटच्या पोरीला कच्चं देणार आहे?"

औषधबाईनं पिशवी खाली ठेवली. "मग दिले त्यांनी?"

"न देऊन सांगतात कुणाला? माझं ऐकून आपल्या ओळीतल्या सगळ्या घरांनी त्याच टाकीतले मागितले."