जागा वाढवा

"भावोजी, याच्यापेक्षा कोंबड्यांचं खुराडं बरं," मेव्हणा तिकीटखिडकी बंद करत म्हणाला. "तिथं निदान पंख हलवायला जागा असते."

जावई हसला. मैदान डाळिंबासारखं भरलं होतं, दाण्याला दाणा लागून. खाली बास्केटबॉलचा अंतिम सामना रंगात आला होता. वर, नव्या स्टँडच्या शेवटच्या रांगेत, त्याची बायको आणि चार वर्षांची लेक चिमणी बसल्या होत्या. सगळ्यात उंच जागा. त्यानंच हट्टानं दिली होती.

वर्षभरापूर्वी इथं छपरात पाखरांची घरटी असायची आणि खाली मूठभर माणसं. सासऱ्यांच्या मालकीचं हे बंदिस्त मैदान. ते थकले आणि कारभार जावयाकडे आला. जावयाला या धंद्यातलं ठाऊक होतं ते एवढंच, फोनमधला एक खेळ. त्यात तो एका संघाचा मालक होता. स्टँड बांधायचे, तिकिटाचा दर ठरवायचा. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर दर उतरवायचा. भरल्या तर ‘जागा वाढवा’ हे बटण दाबायचं. जेवताना, दाढी करताना, चिमणीला थोपटून झोपवताना तो खेळायचा, आणि जिंकायचा.

इथंही त्यानं तेच केलं. तिथं बोटानं, इथं सुताराकडून. वरच्या जागांचा दर पाडला. माणसं आली. आणखी आली. मागच्या भिंतीलगत एक रुंद पट्टा मोकळा होता. सासऱ्यांनी तो जन्मभर मोकळाच ठेवला होता. जावयानं तिथं नवा स्टँड उभा केला, भिंतीतल्या दोन्ही दारांना पाठ लावून. त्या दारांतून फुकटे घुसायचे, तेही आपसूक थांबलं. आजच्या सामन्याला तर मागणी इतकी, की मधल्या पायऱ्यांवरही त्यानं नंबर रंगवले आणि त्याही विकल्या.

"जावईबापूंच्या हाताला यश आहे," सासरे पहिल्या रांगेत बसून शेजारच्याला सांगत होते.

फोन वाजला. बायको होती.

"अरे, चिमणीला शू लागलीय. खाली कुठून उतरू?"

"वर गेलीस तशीच ये."

"तिथं माणसं बसलीत ना. जरा उठा म्हटलं, तर एक आजोबा मलाच दटावतात. म्हणाले, बाई, ही माझी जागा आहे, नंबर बघा."

"मग मागच्या बाजूनं..." तो बोलता बोलता थांबला. मागे दारं होती. दारांपुढे स्टँड होता.

"काय? ऐकू येत नाहीये. जाऊ दे. सामना संपला की सगळेच उतरतील, तेव्हा येते. तोवर कळ काढेल ती."

फोन बंद झाला. त्यानं मान वर केली. आजवर त्याला खुर्च्या दिसायच्या, भरलेल्या नाहीतर रिकाम्या. आता माणसं दिसली. आईच्या मांडीवरची, बापाच्या खांद्यावरची, गुडघे पोटाशी घेऊन पायरीवर बसलेली. टाळी पडली की नव्या फळ्या कुरकुरत होत्या. हवा जड झाली होती, झाकण लावलेल्या भांड्यातल्यासारखी.

"मागची दारं उघडता येतील?" त्यानं विचारलं.

"कशी? तुम्हीच तर फळ्या ठोकून घेतल्यात." मेव्हण्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "भावोजी, तोंड का उतरलंय? आपण जिंकतोय की."

"हा मोठा दरवाजा तरी सगळा उघड. दोन्ही कवाडं."

"एकच उघडतं. दुसऱ्याला तुमची नवी तिकीटखिडकी टेकलीय."

घोषणा करणारा पलीकडच्या टोकाला बसला होता. "त्याला जाऊन सांग," जावई म्हणाला, "कुणी उठू नका म्हणावं. एकेक रांग सोडू. जा, पळ."

मेव्हणा पळाला नाही. पळण्याजोगी जागाच नव्हती. खांदा पुढे करून तो गर्दीत शिरला, थोडा आत गेला आणि तिथंच रुतला. त्याचा वर केलेला हात तेवढा दिसत राहिला.

फलकावरचं घड्याळ धावत होतं. एका खेळाडूनं दुसऱ्याला धक्का दिला आणि ते थांबलं, तेव्हा जावयाला श्वास आला. ते पुन्हा धावू लागलं. गुण आता सारखे झाले होते. बरोबरीतच संपू दे, तो पुटपुटला. बरोबरी झाली की जादा वेळ मिळतो. जादा वेळात सुतार येईल, फळ्या निघतील, दारं मोकळी होतील. सामना संपूच नये असं त्याला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

त्यांच्याच संघाच्या पोरानं दुरून चेंडू फेकला. चेंडू कड्यावर थबकला, विचार केल्यासारखा फिरला, आणि आत पडला.

भोंगा वाजला.

सगळं मैदान एकदम उभं राहिलं. नव्या स्टँडमधून लांबलचक आवाज आला, झाड वाकताना येतो तसा. अगदी वर, छपराजवळ, त्याच्या बायकोनं चिमणीला कडेवर घेतलं आणि पहिल्या पायरीवर पाय टाकला. तिच्या पुढची माणसं उतरू लागली होती. त्यांच्याही पुढची उतरू लागली होती. सगळी त्याच्याच दिशेनं, त्या एका कवाडाकडे.

फोनमधल्या खेळात भोंगा वाजला की माणसं आपोआप नाहीशी व्हायची.