दोन्हींत 'मुख्य'

"ताई, एकदा नजर घाला ना," हिमानी व्हिडिओ कॉलवर म्हणाली. बाळंतपणाच्या रजेवर जाताना माझे दोन्ही सर्व्हर मी तिच्याच हाती सोपवले होते. आज साहेबांसमोर चाचणी होती. मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद पाडायचा आणि राखीव सर्व्हरनं लगेच काम उचलायचं.

मी दोन्ही सर्व्हरच्या सेटिंगच्या फायली उघडल्या. तिनं पहिल्या सर्व्हरची फाईल दुसऱ्यावर तशीच उतरवली होती. दोन्हींत 'मुख्य' लिहिलेलं! आता दोन्ही सर्व्हर मालकी सांगत भांडणार आणि चाचणी सगळ्यांदेखत कोसळणार. मनात आलं, कोसळू दे. किती सहज बसलीस गं माझ्या खुर्चीत! कळू दे सगळ्यांना, मी कोण होते ते.

"गप्प का ताई? चुकलं का काही?" तिचा आवाज रडवेला झाला.

"दुसऱ्या फाईलमध्ये 'राखीव' लिही, वेडाबाई."

चाचणी झाली, मी कॉलवरूनच पाहत होते. मुख्य बंद पडला, राखीवनं काम उचललं, कुणाला जाणवलंही नाही. "वा, हिमानी!" साहेब म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र हळूच वाजवल्या. मांडीवर लेक झोपलीय म्हणून, असं मी स्वतःला समजावलं.